थोरलीची टोपी

बुधवार, ४ तारीख
बाळांच्या वॉर्डाबाहेरचा बाक

मुलीच्या आईस,

तुझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांकडे फोन केला होता. त्यांनी तुला हाक मारली, तू आली नाहीस, निरोप तेवढा पाठवलास: "बोलायचं असेल ते लिहून पाठवा म्हणावं. लिहिलेलं नंतर फिरवता येत नाही." दोन वर्षांनी तुझा एक निरोप आला आणि त्यातही टोमणा. ऐकून बरं वाटलं. पाय मोडला तरी जीभ शाबूत आहे.

तर लेखी घे. आपल्या पोरीला रविवारी पहाटे जुळं झालं. दोन्ही मुली. दिवस भरले नव्हते, दीड-पावणेदोन महिने आधीच आल्या. पोरीचं ब्लडप्रेशर एकदम चढलं, झटके आले, म्हणून ऑपरेशन करून काढाव्या लागल्या. आता ती बरी आहे. म्हणजे अंथरुणातच आहे, पण मला हुकूम सोडते आहे, तेव्हा बरीच म्हणायची. जावई बोटीवर. कंपनीनं त्याला कळवलंय, पण बोट किनाऱ्याला लागायला पुढचा महिना उजाडेल. तोवर मी आहे. दुकानाला कुलूप घातलंय आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खातोय.

धाकटीबद्दल सांगतो. वजन एक किलोच्या जेमतेम वर. आपल्या मोठ्या कात्रीपेक्षा थोडी लांब, बस. नाकातून नळी, पायाला सुई, आणि चेहरा असा की कुणीतरी झोपेतून उठवल्याचा राग आलाय. तुझाच चेहरा.

इथं आत जायचं तर चपला बाहेर ठेवायच्या, रबरी स्लिपर घालायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे. माझ्या गळ्यात सवयीनं टेप होती. इथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मुख्य. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून शिंकतात. त्या म्हणाल्या, "आजोबा, ही जंतूंची आगगाडी बाहेर ठेवा." मी म्हटलं, "एकदा डोक्यांची मापं घेऊ द्या, टोप्या शिवायच्यात." तर त्यांनी टेप स्पिरिटनं पुसून दिली, वर स्वतःच नीट धरून दाखवली. थोरली साडेअकरा इंच, धाकटी पावणेअकरा. ते रविवारचं. रात्रीच दोन टोप्या शिवल्या, मऊ जुन्या धोतराच्या, आत भरपूर माया ठेवून, म्हणजे डोकं वाढलं की सोडता येईल.

उबेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त, असा हिशेब आहे. एका पेटीत दोन-दोन ठेवतात. वीज गेली की पेट्या गार. म्हणून या लोकांनी एक युक्ती काढलीय. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, शर्ट काढा."

मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही."

"तुम्हाला तपासायचं नाहीये. तुम्हाला पेटी करायचंय."

बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, बांधून ठेवायचं. खरं तर हे आईचं काम, पण आई खालच्या मजल्यावर सलाइन लावून पडलेली. मग आजोबा. आयुष्यभर लोकांच्या अंगावर कपडे चढवले आणि सत्तरीला पोचल्यावर स्वतःचे उतरवायची वेळ आली. बाकीच्या पोरी, म्हणजे बाळांच्या आया, तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू देत. धाकटी छातीवर ठेवली तेव्हा तिचे पाय बर्फ होते, आणि अर्ध्या तासात ऊब आली. ऊन पडलेल्या पायरीसारखी. सिस्टरनी थर्मामीटर लावून पाहिलं आणि मला 'पास' म्हणाल्या.

एक खोड आहे तिला. श्वास घ्यायला विसरते. मधेच थांबते, एकदम गप्प, ओठ निळसर व्हायला लागतात. तेव्हा तळपायावर टिचकी मारायची, की दचकून पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणतात, लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूला ते काम अजून अंगवळणी पडलेलं नसतं, हळूहळू जमेल. तोवर टिचकी माझ्याकडे. त्यामुळे बसल्या बसल्या डुलकीसुद्धा काढता येत नाही.

थोरलीची काळजी करू नकोस. ती मोठी होती, तिला पेटी लागत नाही.

तुझं प्लास्टर सुटेपर्यंत हलू नकोस. इथं सगळं व्यवस्थित आहे.

मास्तर
(शिवणाचा. शाळेतले मास्तर खरं बोलतात असं तू म्हणायचीस.)

रविवार, ८ तारीख
तोच बाक

मुलीच्या आईस,

तुझं कार्ड मिळालं. उलटतपासणी म्हणावी तर तुझीच. "धाकटीबद्दल दीड पान लिहिलंत आणि थोरलीबद्दल दोन ओळी. थोरली कुठे आहे?" एवढंच. खुशाली नाही, पाय कसा आहे ते नाही.

थोरली गेली. सोमवारी दुपारी.

पहिल्या पत्रात लिहिणार होतो. लिहायला बसलो आणि ती दोन वाक्यं तशी उतरली. आता सांगतो ते सरळ आहे.

ती धाकटीपेक्षा चांगली दीड पाव वजनानं जास्त. रविवारी रडली पण खणखणीत. मी म्हटलं, हिची काही चिंता नाही. सोमवारी सकाळी दूध ओढेना. मग अंग गार पडलं, रंग राखाडी झाला. रक्तात जंतू झालेत, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर म्हणजे पोरसवदाच आहे, दाढीही धड आलेली नाही, पण जागचा हलला नाही. इंजेक्शनं दिली, पिशवी दाबून दाबून श्वास दिला. मी काचेतून बघत होतो. पिशवी दाबणारा हात बदलत राहिला, आणि मग थांबला. डॉक्टर बाहेर येऊन माझ्याशेजारी या बाकावर बसला आणि म्हणाला, "एवढ्या लहान बाळांत हे काही तासांत होतं, आजोबा. मोठं-लहान बघत नाही ते." मी त्याला पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार.

मीच तिला घेऊन गेलो. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

पोरीला सांगितलेलं नाही. लगेच तोंड वाकडं करू नकोस, पुढचं वाच. पहिले दोन दिवस डॉक्टरच म्हणाले, ब्लडप्रेशर उतरू द्या, पुन्हा झटका आला तर जिवावर बेतेल. ते उतरलं. मग दुधाचा प्रश्न आला. धाकटीला आईचंच दूध हवं, पावडरचं तिच्या आतड्यांना झेपायचं नाही, असं मोठ्या सिस्टरनी बजावलं. आणि पोरीला दूध येईना. पोटाचे टाके चिघळले, ताप आला, म्हणून तिला बाळाच्या वॉर्डात पाऊल टाकायची बंदी. बाळ बघायला नाही, छातीशी धरायला नाही, दूध येणार कुठून? तेव्हा सिस्टरनी एक उपाय सांगितला: बाळानं घातलेलं कापड तिला नेऊन द्या, वास घेऊ द्या, मग हातानं काढून बघू द्या.

मी धाकटीची टोपी खिशात घालून खाली गेलो. पोरीनं ती नाकाला लावली, डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाली, "आणि थोरलीची?"

मी म्हटलं, "विसरलो. आणतो."

वर गेलो. थोरलीची टोपी माझ्या पिशवीत होती, कोरी. टोप्या घेऊन मी पोचलो तेव्हा तिला घालायला सवड उरलेली नव्हती. ती धाकटीला घातली, तासभर ठेवली, आणि खाली नेऊन दिली. पोरीनं दोन्ही टोप्या दोन्ही गालांना लावल्या आणि तासाभरात वाटीत दूध. बुडाला जेमतेम, पण पिवळं, दाट. मोठ्या सिस्टरनी ती वाटी अशी धरली की सोनं हातात आलंय.

तेव्हापासून हा माझा धंदा. धाकटीला आळीपाळीनं दोन्ही टोप्या घालायच्या. थोरलीची तिला ढगळ होते, डोळ्यांवर येते, ड्युटीवर झोपलेल्या हवालदारासारखी दिसते. मग टोप्या खाली, वाटी वर. पोर विचारते, "थोरली काय करतेय?" मी म्हणतो, "झोपलीय." हे काही खोटं नाही.

सिस्टर मात्र म्हणाल्या, "तिनं मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. तुम्ही घरचे आहात, तुम्ही सांगा." मी म्हटलं, सांगतो.

जावयाला कंपनीमार्फत दोन्ही बातम्या गेल्यात. तुला लेखी पाहिजे होतं, मिळालं.

मास्तर

गुरुवार, १२ तारीख
कँटीन, चहा गार झालेला

मुलीच्या आईस,

कार्डावर हुकूम काढतेस, छान. "तिला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर पुढच्या टपालानं मी तिलाच लिहीन." मोडक्या पायावर बसून तुला तिथून सगळं सोपं दिसतं.

वर हेही ऐकवलंस की मी तुझ्या भावाच्या वेळी हेच केलं. केलं. तुझं ऑपरेशन झालेलं, टाके ओले, आणि तिकडे तो शेवटच्या घटका मोजतोय. तुला सांगितलं असतं तर तू पोट धरून गाडीत बसली असतीस. मी टाके निघेपर्यंत थांबलो. तो थांबला नाही. तू म्हणालीस, "ज्या घरात मला खरं कळत नाही त्या घरात मी राहणार नाही," आणि बॅग भरलीस. मी तेव्हाही चुकलो असं मला वाटलं नव्हतं आणि आज वाटत नाही. तू जिवंत आहेस आणि मला हुकूम सोडतेस, त्यातच सगळं आलं. हे लेखी आहे, जपून ठेव.

आता इथला हिशेब ऐक. धाकटी ओंजळभर दुधावर जगते आहे. ते दूध नळीतून दर दोन तासांनी थेंब थेंब जातं. दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा तिचं वजन वाढलं. दोन चमचे साखरेएवढं असेल, पण वॉर्डातल्या सगळ्या आयांनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या पेटीतलं एक बाळ काल गेलं. त्याच्या आईनं टाळ्या वाजवल्या होत्या आदल्या दिवशी. ती बाई आज पिशवी भरून गेली, जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, टिचकी विसरू नका." हे असं आहे इथं.

पोरीला आज सांगितलं आणि तिचं दूध आटलं तर धाकटीचं काय करायचं ते मला तुझ्या त्या कार्डावर लिहून पाठव. जागा उरली असेल तर.

अडचण वेगळीच आहे. पोरीचा ताप गेलाय, जखम सुकत आलीय. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी तिला वर आणू. माझ्या वॉर्डात येईल तेव्हा ती दोन पेट्या शोधेल. त्याच्या आत सांगा." वर सोमवार, खाली तुझं टपाल, मधे मी. आपल्या दुकानातल्या इस्त्रीखालच्या कापडासारखं वाटतंय.

रविवारपर्यंत बघतो. तिला लिहू नकोस. मी पाया पडतो म्हण, विनवणी म्हण, काय वाटेल ते म्हण, पण तिला लिहू नकोस.

मास्तर

रविवार, १५ तारीख
बाक

मुलीच्या आईस,

झालं तुझ्या मनासारखं. आता पुढचं वाच.

आज सकाळी टोप्या घेऊन खाली गेलो. आज सांगायचं ठरवलंच होतं. कसं ठरवलं होतं म्हणशील तर, आधी ती दूध काढेल, मग सांगू, म्हणजे निदान एका वेळचं हाताशी राहील. बघ, तेवढं डोकं चालतं माझं.

पोर उशीला टेकून बसली होती. वेणी घातलेली, उद्या वर जायचं म्हणून खूश. टोप्या हातात घेतल्या आणि नाकाशी न्यायच्या आधी उलट्या केल्या. दुकानात वाढलेली पोर. कपडा हातात आला की आधी आतून बघायचा, ही सवय तिला मीच लावली. बाहेरून कुणीही फसवेल, आतली शिलाई खरं सांगते, असं तिला सांगत आलो होतो.

म्हणाली, "बाबा, धाकटीची टोपी दोनदा सोडलीय."

"हो ना. डोकं वाढतंय. चांगलं लक्षण आहे."

"थोरलीची एकदाही नाही सोडली."

मी टेबलावरची वाटी उचलली, फडक्यानं पुसली. ती धुतलेलीच होती.

"पहिलीच टीप आहे अजून. बाबा, थोरलीचं डोकं वाढत नाही का?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. थोरलीची मुळातच ढगळ बेतली होती, सोडायची गरज पडली नाही. गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं 'उद्या नक्की' सांगणारं तोंड आहे हे, एवढं वाक्य सहज निघालं असतं. आणि मला खरंच कळत नाही मी असा कसा चुकलो. रोज धाकटीच्या डोक्याला टेप लावत होतो. तिची टोपी तंग झाली की तिचीच टीप सोडायची, एवढंच हाताला ठाऊक. थोरलीची टोपी रोज हातात होती, पण तिला माप नव्हतं. ज्याला माप नाही त्याची टीप कशी सोडणार? दुसऱ्या कुणाच्या हे ध्यानातही आलं नसतं. शिंप्याच्या पोरीच्या आलं.

मी म्हटलं, "थोरली नाही गं, बाळ. दुसऱ्याच दिवशी गेली."

ती रडली नाही. शेजारच्या खाटेवरची बाई आवाज न करता उठून बाहेर गेली.

"कशानं?"

सांगितलं.

"कुणी नेलं तिला?"

"मी."

"मग ही कुणी घातली होती? रोज?"

"धाकटीनंच. दोन्ही तीच घालायची."

"म्हणजे मी दोन्ही हातांनी एकीचाच वास घेत होते. तुम्ही रोज म्हणायचात झोपलीय."

"हो."

"मी तिच्याशी बोलायचे, बाबा. टोपीशी. धाकटीशी कमी बोलायचे, कारण ती तुमच्याकडे असते, थोरली बिचारी एकटी पेटीत असेल म्हणून." मग म्हणाली, "आईला माहीत आहे?"

"आहे."

"म्हणजे मलाच नव्हतं." आणि तोंड भिंतीकडे केलं. "जा तुम्ही."

मी दारात उभा राहिलो. म्हटलं, "दुधाची वेळ झालीय." आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण म्हटलं. तिनं वळून न बघता वाटी माझ्याकडे सरकवली. रिकामी.

रिकामी वाटी घेऊन जिना चढलो. मोठ्या सिस्टरनी वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. धाकटीला पावडरचं दूध दिलं, अगदी पातळ करून, अगदी थोडं. दुपारी पुन्हा. चार वाजता तिचं पोट फुगायला लागलं. आता दूध बंद केलंय, सलाइन लावलीय. पोट ढोलकीसारखं ताणलंय, कातडी चकाकते. डॉक्टर दर थोड्या वेळानं बोटांनी चाचपून बघतोय. छातीवर घ्यायलाही मनाई आहे. टिचकी आता मशीन वाजलं की सिस्टर मारतात.

तू म्हणालीस सांगा. सांगितलं. मी शर्ट घालून बाकावर बसलोय आणि माझ्या छातीवर काही नाही. तू इथं असतीस तर तुझ्याशी भांडलो असतो. इथं नाहीस म्हणून जास्त राग येतोय.

हे पत्र टाकणार आहे. फाडणार नाही.

मास्तर

शनिवार, २८ तारीख
स्टेशन, फलाटावरचा बाक (आता बाकांचीच सवय झालीय)

धाकटीच्या आजीस,

मधल्या दोन कार्डांत 'बाळ बरं आहे' एवढंच लिहिलं होतं, आणि तू या वेळी ओळी मोजल्या नाहीस याचा अर्थ विश्वास बसला असावा. बाकीचं इथं लिहितोय. हे टपालात टाकणार नाही. तुझी गाडी उशिरा आहे. तू उतरलीस की तुझ्या हातात देईन आणि बॅग उचलेन. तोंडानं सांगायला बसलो तर फिरवीन, तुला माहीत आहे.

त्या रविवारी संध्याकाळी मोठ्या सिस्टर स्वतः खाली गेल्या. पोरीला म्हणाल्या, "उद्याची वाट कशाला बघायची? चल." लिफ्ट बंद होती, म्हणून चाकाच्या खुर्चीतून रॅम्पवरून वर आणलं. मी मागून ढकलत होतो, तिनं मागे वळून पाहिलं नाही. वॉर्डात आल्यावर तिनं आधी विचारलं, "थोरलीची पेटी कोणती होती?" सिस्टरनी खिडकीजवळची दाखवली. त्यात आता दुसरंच बाळ होतं, पाय झाडत होतं. पोर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझी दुसरी द्या."

डॉक्टरनी पुन्हा पोट चाचपलं, हो म्हणाला, आणि धाकटी नळ्यांसकट आईच्या छातीवर गेली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. आणि तेव्हा पोर रडली. एवढी रडली की बाळ वरखाली व्हायला लागलं. धाकटीला काय वाटलं असेल कुणास ठाऊक, पण त्या रात्रभर ती एकदाही श्वास घ्यायला विसरली नाही. माझ्या छातीवर रोज विसरायची. मला जरा अपमानच वाटला.

सकाळी उठून पोरीनं मला खूण केली: वाटी. शब्द नाही, फक्त बोट. वाटीत आलं ते चमचाभर. संध्याकाळी दोन. धाकटीचं पोट दोन दिवसांनी उतरलं, तिसऱ्या दिवशी आईचं दूध पुन्हा सुरू केलं, थेंबाथेंबानं. दूध आटलं नाही. एक दिवस थांबलं होतं, बस. मी पंधरा दिवस ज्याला भ्यालो ते एका दिवसात झालं आणि गेलं. हेही लेखी घे.

आणि आता जे लिहायचं ते. दूध आटेल, हे कारण होतंच. पण दूध नसतं तरी मी दुसरं कारण शोधलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं, एवढीच गोष्ट आहे. थोरलीला मी एकट्यानं नेलं. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यानं गेलं की भिंतीच्या आत लहान बाळांची वेगळी जागा आहे. तिथल्या माळ्यानं खड्डा खणून दिला. कापड कमी पडलं म्हणून मी खांद्यावरचा पंचा फाडला, आणि हातानंच दुमडून कड घातली, सुईदोरा खिशात होता. माळी म्हणाला, "आजोबा, आता कशाला शिवता?" मी म्हटलं, "कड सुटेल." तिथून परत आल्यावर खालच्या मजल्यावर पोर विचारत होती, थोरली काय करतेय. तू मला सांग, कुणाला जमलं असतं?

तुला जमलं असतं. म्हणून तुझ्यावर राग होता.

पोर माझ्याशी बोलत नव्हती. दहा-बारा दिवस. जेवण ठेवलं की जेवायची, बाळ दिलं की घ्यायची, पण बोलणं नाही. मी मोठ्या सिस्टरना म्हटलं, घरातल्या दोन बायका माझ्याशी बोलत नाहीत आणि तिसरीला अजून बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "तिसरी बोलायला लागेपर्यंत सुधारा."

परवा नळी निघाली. धाकटी आता आईकडे ओढून पिते. दमते, मधे थांबते, चिडते, पुन्हा ओढते. वजन दीड किलोच्या वर गेलंय. डॉक्टर म्हणतो, असंच राहिलं तर दहाएक दिवसांत घरी. घरी म्हणजे दुकानाच्या वरच्या खोलीत. खिडकीची फट मी बुजवून घेतलीय, जिना तुझ्या काठीला झेपेल का ते मात्र बघायचं राहिलंय. खाली शिवणाच्या टेबलाशेजारी झोपायला जागा आहे माझ्यापुरती. तू वर राहा. किती दिवस ते मी विचारत नाही.

आज सकाळची गोष्ट. स्टेशनवर यायला निघालो होतो, तर मागून हाक आली.

"बाबा."

मी थांबलो.

"हिची टोपी घट्ट व्हायला लागलीय. आता सोडायला माया राहिली नाहीये आत."

मी म्हटलं, "नवी शिवतो. माप घेऊ दे."

म्हणाली, "नवी नको. थोरलीची कुठे ठेवलीत?"

त्या रविवारी ती टोपी तिच्या खाटेखाली पडली होती. मी धुऊन, इस्त्री करून पिशवीत ठेवली होती. काढून दिली. तिनं आधी उलटी करून पाहिली, पहिली टीप तशीच आहे ना ते, आणि मग धाकटीच्या डोक्यावर घातली.

डोळ्यांवर आली नाही. ढगळ नाही, तंग नाही. मी सवयीनं कडेतून बोट फिरवून पाहिलं, एका बोटाची जागा आहे. पोर माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बरोबर बसली."

ती म्हणाली, "आईला घेऊन या. तोवर काढत नाही."

मास्तर